जावयाचं झाड

१२ एप्रिल २००४, कॅरी (अमेरिका)

काल दुपारी पोचलो. विमानात शेजारचा गृहस्थ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून फ्रँकफर्टपर्यंत झोपला आणि उतरताना साधं थँक्यू म्हणाला नाही. आश्लेषा मला बघून विमानतळावरच रडली. मी रडलो नाही, फक्त चष्मा पुसला. जावईबापू, म्हणजे विनयराव, नमस्कार करून बॅगा उचलून गाडीकडे चालायला लागले. बोलणं बेताचंच. मला जावई असाच बरा वाटतो. सासऱ्याशी फार गप्पा मारणाऱ्या जावयाला काहीतरी हवं असतं.

आश्लेषाची आई, सुधा, जाऊन दीड वर्ष झालं. लेकीने दहा वेळा बोलावल्यावर आलो, पण बजावून आलो की सहा महिने म्हणजे सहा महिने. निघायच्या आदल्या दिवशी नागपूरहून नंदूदादांचा फोन आला होता. दादा माझे थोरले भाऊ. वय चौऱ्याहत्तर आणि मत प्रत्येक गोष्टीवर. म्हणाले, "प्रल्हाद, आपले वडील मुलीच्या घरी पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. जातोयस तर पाहुण्यासारखा राहा आणि पाहुण्यासारखा परत ये." मी हो म्हणालो. दादांना नाही म्हणायची सवय घरात कुणालाच नाही.

घरासमोर एक लहानसं झाड आहे, माझ्या छातीएवढं. पंजाला पाच बोटं असावीत तशी पानं आणि फांद्यांच्या टोकांना तांबडे तुरे. पुण्यात आमच्या सोसायटीच्या बाग समितीचा मी नऊ वर्षं अध्यक्ष आहे, त्यामुळे मला न ओळखता येणारं झाड क्वचितच. हे नाही ओळखता आलं. "वा, छान जोपासलंय," एवढंच म्हणालो. ओळखलंय असं वाटायला तेवढं पुरतं.

१८ एप्रिल

झाडाचं नाव रेड बकाय. नुसतं नाव विचारायला गेलो आणि विनयराव वीस मिनिटं बोलले. आश्लेषा हसत सुटली. "बाबा, मला प्रपोज करताना हा दोन वाक्यं बोलला होता. त्यातलं एक पार्किंगबद्दल होतं."

दोघं इथे जवळच रॅलेला शिकत होती तेव्हा कँपसवरच्या झाडाखाली विनयरावांनी एक बी उचललं. चकचकीत, तपकिरी, सुपारीपेक्षा जरा मोठं. ते चहाच्या मगात रुजवलं, मग कुंडीत लावलं, आणि ती कुंडी भाड्याच्या तीन अपार्टमेंटमधून फिरली. हे घर घेतल्यावर सोफा यायच्या आधी झाड जमिनीत लावलं. यंदा पहिल्यांदा फुललंय. हे सांगताना ते माझ्याकडे न बघता झाडाकडे बघून बोलत होते. तेवढ्यात माझ्या अंगठ्याएवढा एक पक्षी तुऱ्यापाशी येऊन हवेतच थांबला. विनयराव बोलायचे थांबले आणि श्वास घ्यायचेही थांबले असावेत.

माणूस वाईट नाही.

६ जून

या दोघांचं माझ्याशिवाय कसं चालायचं मला कळत नाही. आश्लेषाला विरजण लावता येत नाही. लग्नाआधी यायचं, इथे येऊन विसरली म्हणते. रोज रात्री "बाबा, तुम्हीच लावा ना, माझं आंबट होतं." प्लंबर येणार म्हणून गुरुवारी मी घरी थांबायला हवं होतं, जसा काही मी एरवी कुठे जाणार होतो. प्लंबरने नळ बघितला आणि सगळं ठीक आहे म्हणून गेला. विनयरावांना भाजी निवडता येत नाही. काल त्यांनी माझ्यापुढे दोन दुधी धरले आणि विचारलं, "बाबा, यातला कुठला?" एवढा मोठा इंजिनियर, नि दुधी कळत नाही.

एका परीने बरंच आहे. घरात उपयोगी पडतोय म्हटल्यावर जेवताना संकोच वाटत नाही. दादांना फोनवर सांगितलं की मी इथे बसून खात नाही. ते म्हणाले, "बसून खा नाहीतर उभ्याने खा, घर मुलीचंच." दादांशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

दोन घरं सोडून प्रतिमाताई राहतात. साठीच्या आहेत, वीस वर्षं इथे आहेत, लायब्ररीत काम करतात आणि गाडी चालवतात. संध्याकाळी फिरताना त्यांची गाठ पडते. बाई चेष्टेखोर आहेत. मी झाडांबद्दल माहिती देत असतो तेव्हा फार लक्ष देऊन ऐकतात.

१८ जुलै

आज अधिक महिना लागला. तीन वर्षांनी एकदा येतो, आणि तो आला की सासुरवाडीने जावयाला बोलावून जेवायला घालायचं, तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं, कपडे करायचे. सुधा महिनाभर आधीपासून तयारीला लागायची. यंदा मात्र उलटी गंगा. अधिक महिन्यात सासरा जावयाच्या घरी दोन्ही वेळ जेवतोय, वर दुधी निवडल्याची फुशारकी मारतोय. दादांनी हे बरोबर हेरलं. सकाळी सातला फोन करून विचारलं, "जावयाला काय देणार आहेस?" विनयरावांकडे घालायला दोन टीशर्ट आहेत आणि त्यांना तेवढे पुरतात. काय द्यावं सुचत नाही.

३० जुलै

दोघं आज प्लॅनोला गेली, विनयरावांच्या भावाकडे. दहा दिवसांनी येतील. मला चल म्हणत होती. पण जावयाच्या भावाकडे जाऊन राहायचं म्हणजे फारच झालं.

निघताना मी विचारलं, "झाडाचं काय?"

विनयराव म्हणाले, "बाबा, झाडाकडे काही बघावं लागत नाही. पाणीसुद्धा नको. तुम्ही निवांत राहा."

चाळीस वर्षं नोकरी केली आहे. साहेब जेव्हा "काही बघावं लागत नाही" म्हणतो तेव्हा परत आल्यावर तेच आधी बघतो. मी कामाला लागलो आहे. आज दोनदा पाणी घातलं.

२ ऑगस्ट

पानांच्या कडा तपकिरी झाल्या आहेत. ऊन फार आहे. पाणी तीनदा.

४ ऑगस्ट

पानं गळायला लागली. हात लावला की हातात येतात. दुपारी ताक, गूळ आणि बेसन कालवून मुळाशी घातलं. आमच्या सोसायटीतला मरायला टेकलेला सोनचाफा याच उपायाने उभा राहिला होता. इथे मात्र कोपऱ्यावरचा कुत्रा येऊन अर्धं चाटून गेला. मग दोन तास छत्री धरून झाडाशेजारी खुर्ची टाकून बसलो. येणाऱ्या जाणाऱ्यांनी हात हलवला. मीही हलवला.

६ ऑगस्ट

चार पानं उरली आहेत.

फोन करून सांगावं हे मनात आलं. मी तीनदा फोन उचलला आणि खाली ठेवला. काय सांगणार? मगात रुजवलेलं, तीन घरं फिरवलेलं, यंदा पहिल्यांदा फुललेलं झाड, दहा दिवस सांभाळायला दिलं तेही मला जमलं नाही? आणि तेही अधिक महिन्यात. जावयाला वाण द्यायचं सोडून त्याचं झाड मारलं. दादांना कळलं तर नागपूरहून चालत येतील.

खोडाला नख लावून आतून हिरवं आहे का ते बघायचं असतं. एवढं मला माहीत आहे. सोसायटीतल्या बायकांना मीच शिकवलंय. पण नख लावायचं धाडस झालं नाही. डॉक्टरांच्या केबिनबाहेर सुधाचे रिपोर्ट हातात घेऊनही मी असाच उभा राहिलो होतो. बघितलं नाही तोवर काही खरं नसतं असं वाटत राहतं.

७ ऑगस्ट

प्रतिमाताईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "प्रल्हादराव, विनयला विचारून बघायचं का एकदा?"

"जावयाला?" मी म्हणालो. "अहो, जावयाला असं विचारतात का?"

"मग काय करायचं?"

"दुसरं आणायचं. हुबेहूब."

त्या एवढ्या गोड हसल्या की मला जरा शंका आली. पण गाडी काढली त्यांनी.

नर्सरीत जाऊन बघतो तर काय, रेड बकायची रांगच्या रांग उभी आणि एकाही झाडावर पान नाही. साथ आहे! मी तिथल्या मुलीला बोलावून दाखवलं. ती हसून म्हणाली, ही दर वर्षी ऑगस्टमध्ये अशीच होतात. म्हणजे दर वर्षी साथ येते, दर वर्षी रोगट झाडं विकतात आणि वर हसतात. ती आणखी काही समजावत होती, पण मी हात वर करून तिला थांबवलं. अशा विक्रेत्यांना बोलू दिलं की आपण विकत घेऊन मोकळे होतो. प्रतिमाताईंना खोकल्याची उबळ आली म्हणून त्या कुंड्यांच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या.

मागच्या बाजूला सावलीत एक हिरवंगार झाड मिळालं. पंजाची तशीच पानं, उंचीही तेवढीच. चिठ्ठीवर रेड हॉर्स चेस्टनट लिहिलं होतं. फुलं तांबडीच येतात म्हणे, जवळचं नातलग आहे. पानं जरा मोठी, काहींना सात बोटं. पण बोटं मोजतो कोण? चिठ्ठी तिथेच फाडून टाकली.

८ ऑगस्ट

सकाळी कुदळ घेतली. जुनं झाड उपटताना मुळं तुटल्याचा आवाज आला तो अजून कानात आहे. नवं लावलं, माती दाबली, वरून जुनीच पानं पसरली म्हणजे संशय नको. जुन्याचं काय करायचं? कचऱ्याच्या डब्यात अर्धं घातलंही होतं, पण जीवावर आलं. शेवटी घरामागे, अवजारं ठेवायच्या खोलीच्या आडोशाला खड्डा करून मुळं मातीत झाकून ठेवलं. मेलेलंच आहे, पण कचऱ्यात टाकण्यासारखं नाही.

अंग इतकं ठणकतंय की पेन धरवत नाही.

९ ऑगस्ट

आली. विनयराव गाडीतून उतरले आणि थेट झाडापाशी गेले. म्हटलं नव्हतं? साहेब तेच आधी बघतो. बराच वेळ उभे होते. एक पान हातात धरून बघितलं, मग दुसरं. मग घराकडे बघितलं. मी खिडकीच्या पडद्यामागे होतो.

आत आल्यावर म्हणाले, "बाबा, झाड एकदम फ्रेश दिसतंय."

"थोडं लक्ष दिलं," मी म्हणालो.

"दिसतंय," असं म्हणून त्यांनी माझ्या तळहातावरच्या फोडांकडे बघितलं आणि चहा मागितला. चहा ते स्वतःहून कधी मागत नाहीत. कळलेलं नाही, देवाची कृपा.

१५ ऑगस्ट

अधिक महिना संपला. अनारसे प्रतिमाताईंनी करून दिले. विनयरावांना पाटावर बसवून कुंकू लावलं, शर्ट दिला. ते अवघडून बसले होते. मी मनातल्या मनात नव्या झाडाचंही वाण त्यांना देऊन टाकलं. पण मनाला बरं वाटलं नाही. वाण गुपचूप देत नाहीत.

५ सप्टेंबर

विनयरावांना हल्ली एक चमत्कारिक सवय लागली आहे. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी कचऱ्याचा डबा घेऊन घरामागे जातात आणि चांगली पंधरा मिनिटं येत नाहीत. कचऱ्याची गाडी फक्त मंगळवारी येते हे मी त्यांना दोनदा सांगितलं. "हो बाबा," म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हुशार माणसं घरकामात अशीच ढिली असतात. आश्लेषाला म्हटलं तर ती म्हणाली, "जाऊ दे बाबा, त्याला डबा आवडतो."

२२ सप्टेंबर

सहा ऑक्टोबरचं तिकीट आहे. दादांनी आठवण करून दिली. विमानतळावर पुतण्याला पाठवतो म्हणाले.

आज खरं लिहितो. मला जायचं नाही. पुण्याच्या घरी गेलो की पहिल्यांदा कुलूप उघडायचं, मग खिडक्या, मग एकट्याचा चहा टाकायचा. इथे सकाळी कुणीतरी आधीच उठलेलं असतं. रात्री मी विरजण लावतो आणि सकाळी तिघं ते खातो. एवढंच आहे, पण एवढ्यासाठी राहावंसं वाटतं. आणि हे म्हणणार कुठल्या तोंडाने? मुलीच्या घरी "मला राहू दे" असं बाप कसा म्हणेल? ती हो म्हणेल हे माहीत आहे. म्हणूनच तर म्हणवत नाही. त्यातून ज्याच्या घरात राहायचं त्याचं झाड मी मारून, वर फसवून बसलोय.

जाण्याआधी विनयरावांना झाडाचं सांगून टाकायचं ठरवलं आहे. राहायचं सांगता येत नाही, निदान ते तरी सांगावं.

२६ सप्टेंबर

रविवार. सकाळी लवकर घरामागे गेलो. म्हटलं, कबुली द्यायच्या आधी त्या झाडाला एकदा बघून यावं. बघतो तर विनयराव तिथे. कचऱ्याचा डबा शेजारी ठेवलेला, आणि हातातल्या मगातून ते मेलेल्या झाडाला थेंब थेंब पाणी घालत होते. मला बघून चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. मीही तसाच उभा. कुणी कुणाला पकडलं ते क्षणभर ठरेना.

"कधीपासून?" मी विचारलं. हा प्रश्न खरं तर त्यांनी मला विचारायचा.

"प्लॅनोहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"बोलला का नाहीत?"

"तुमच्या हाताला फोड आले होते," ते म्हणाले. मग झाडाशी वाकून, "आणि बाबा, हे मेलेलं नाहीये." त्यांनी फांदीला नख लावलं. आतून हिरवं! "हे झाड असंच असतं. सगळ्यांच्या आधी जागं होतं, सगळ्यांच्या आधी फुलतं, आणि ऑगस्टमध्ये सगळ्यांच्या आधी पानं टाकून मोकळं. दर वर्षी."

नर्सरीतली मुलगी डोळ्यांपुढे आली. मी तिथेच गवतावर बसलो. हसू येण्याआधी रडू आलं आणि ते आवरलं नाही. विनयराव शेजारी बसले. पाठीवर हात वगैरे ठेवला नाही, नुसते बसले. बरं केलं.

"मी ते उपटायला नको होतं," मी म्हणालो.

"हो, ते नको होतं." खोटं समाधान केलं नाही, हे मला आवडलं. "मुळं बरीच तुटलीत. जगतं का ते एप्रिलशिवाय कळणार नाही. तोवर कुणीतरी बघायला हवं. मला ऑफिस असतं."

"मला सहा तारखेचं विमान आहे."

"तिकीट पुढे ढकलता येतं, बाबा. व्हिसा एक्स्टेंड करायला अर्ज करावा लागतो. मी भरून ठेवलाय. तुमची फक्त सही हवीय."

"पण तुम्हीच म्हणाला होतात, झाडाकडे काही बघावं लागत नाही."

"जमिनीतल्या झाडाकडे नाही लागत," विनयराव म्हणाले. "उपटलेल्याकडे लागतं."

हा माणूस बोलला तर झाडांबद्दलच बोलतो. पण मुद्दा बिनतोड होता. मी उपटलं, मीच बघायला हवं. सही केली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आश्लेषा बघत होती, तीही रडत होती. एका झाडासाठी घरातली दोन माणसं सकाळी सकाळी रडतात म्हणजे कमाल आहे.

संध्याकाळी प्रतिमाताईंना जाब विचारला. म्हणाल्या, "मला नर्सरीतच कळलं होतं. पण तुम्हाला सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

नसतं ऐकलं. पण हे त्यांना सांगितलं नाही.

३ ऑक्टोबर

नव्याला मागच्या अंगणात हलवलं आणि जुनं त्याच्या मूळ जागी परत लावलं. विनय खणत होता, मी सूचना देत होतो. एकदा त्याने कुदळ माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "सूचना मी देतो." मला त्याच्या खणण्याचं कौतुक वाटत होतं तेवढं त्याला माझ्या खणण्याचं वाटलं नाही. आश्लेषाने पायरीवर बसून दोघांचेही फोटो काढले.

दुपारी दादांचा फोन. "सामान भरून झालं?"

"नाही दादा. एप्रिलपर्यंत थांबतोय."

"प्रल्हाद, लोक काय म्हणतील? वर्षभर मुलीकडे?"

मी उत्तरं तयार ठेवली होती. झाड, व्हिसा, गुडघा. ऐन वेळी त्यातलं एकही तोंडातून आलं नाही.

"मुलीकडे नाही दादा," मी म्हणालो. "मी विनयकडे राहतोय."

दादा म्हणाले, "दे त्याला फोन."

हातावरची माती पुसून विनयने फोन घेतला. मी समोर उभा होतो. बोलत दादाच होते, हा नुसता हो काका, हो काका करत होता. आवाज इथवर ऐकू येत होता. पाहुणा असा वर्षभर ठेवून घेतात का, असं काहीसं चाललं होतं.

"नाही काका," विनय म्हणाला. "बाबा पाहुणे नाहीयेत."

एवढंच बोलला आणि फोन माझ्याकडे परत दिला.